आठ वारांची चौकडी

“सर, हा स्कर्ट तुमच्या मिसेसचा आहे का?”

प्रश्न इंग्रजीत विचारला होता, आणि विचारताना आपला आवाज जराही कापला नाही, हे उल्कानं पुढं सगळ्यांना आवर्जून सांगितलं. त्या वेळी मात्र तिचे कान लालबुंद झाले होते. पाण्याच्या कूलरमागं तिच्या मैत्रिणी एकमेकींच्या अंगावर कोसळायच्या बेतात उभ्या होत्या. पैज लावली होती अकीलानं. “वक्तृत्वाचा कप काय मिळाला, बाई आता जमिनीवर चालत नाहीत! मग जा, त्या बाजेवाल्याला विचारून दाखव. नाही विचारलंस तर दहावी संपेपर्यंत माझी बॅग तू उचलायची.”

अकीलाची बॅग म्हणजे गाढवाचं ओझं. ती जिदहफ्सहून बसनं यायची आणि दिवसाची सगळी पुस्तकं, डबा, वर चुलतभावांसाठी घेतलेली चिंचेची गोळी असं सगळं त्यात कोंबायची. गेल्या वर्षीची उल्का असती तर तिनं गुपचूप बॅग उचलली असती. गेल्या वर्षीची उल्का हजेरीला ‘प्रेझेंट’सुद्धा असं पुटपुटायची की बाई तिला दोनदा गैरहजर लावायच्या. पण यंदा दहावीच्या वर्षाला कुठून कोण जाणे, तिला वाचा फुटली होती, आणि फुटली ती फुटलीच.

तो शाळेचा स्पोर्ट्स डे होता. जानेवारीतली बहरीनची गोड थंडी. मार्च पास्टच्या पुढं वाजवत चालायला शाळेनं या स्कॉटिश पाहुण्याला बोलावलं होतं. नाव मिस्टर टलॉक. सौदीकडं जाणारा समुद्रातला पूल तेव्हा बांधायला घेतला होता, त्यावर ते इंजिनियर होते. ताडमाड उंच, तोंड उन्हानं भाजून पिकलेल्या टोमॅटोसारखं, काखेत पिशवी दाबून नळ्यांतून असा आवाज काढायचे की पहिलीतली दोन पोरं घाबरून रडायलाच लागली होती. आणि कमरेला तो स्कर्ट! गर्द हिरवा आणि निळा, मोठमोठ्या चौकड्यांचा, मधून काळ्या पट्ट्या, आणि हिरव्याच्या बरोबर पोटातून जाणारी एक बारीक पिवळी रेघ. मागं चुण्याच चुण्या. चालताना त्या अशा उडत होत्या की मैदानावरच्या एकाही मुलीचा स्कर्ट तसा उडत नव्हता.

टलॉकसाहेबांनी उल्काकडं पाहिलं. मग स्कर्टकडं पाहिलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, “नाही. माझ्या वडिलांचा.”

कूलरमागं स्फोट झाला. हसता हसता अकीलानं कूलरची तोटीच उघडली. आणि गंमत म्हणजे साहेबही हसायला लागले, अगदी पोट धरून.

इथं ‘थँक यू सर’ म्हणून पळून यायचं, असं ठरलं होतं. पण उल्काचं लक्ष दुसरीकडंच गेलं. शिंप्याची मुलगी ती. माणूस समोर आला की आधी त्याची शिवण बघायची, ही घरातली खोड.

“सर, तुमचा बटवा वाकडा झालाय,” ती म्हणाली.

टलॉकसाहेबांच्या कमरेला समोर एक केसाळ कातडी बटवा लोंबत होता. तो मध्यावर नव्हता, चांगला वीतभर उजवीकडं सरकला होता. साहेबांचा हात चटकन बटव्यावर गेला. मग त्यांनी खांदे पाडले, एक उसासा टाकला आणि बटवा बाजूला केला. खाली, ऐन दर्शनी भागात, शंभर फिल्सच्या नाण्याएवढं भोक होतं.

“कसर,” उल्का मराठीतच म्हणाली. मग घाईनं इंग्रजीत, “किडे. लोकर खातात ना, ते.”

“तेच बदमाश,” साहेब म्हणाले. मग त्यांनी सांगितलं ते असं. याला किल्ट म्हणतात. असल्या चौकडीला टार्टन. प्रत्येक घराण्याची, प्रत्येक खोऱ्याची आपापली. ही त्यांच्या गावच्या खोऱ्यातली चौकडी, ती विणणारा गावचा विणकर कधीचाच गेला, आणि असं कापड आता कुठल्या दुकानात मिळत नाही. वडिलांनी हाच किल्ट नेसून साहेबांच्या बहिणीला तिच्या लग्नात हाताला धरून चर्चमध्ये नेलं होतं. आता साहेबांच्या मुलीचं लग्न होतं, इथंच, मनामाच्या चर्चमध्ये, पुढच्या महिन्यात. “आणि मी आता तिला पँट घालून नेणार,” साहेब म्हणाले. पँट हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू ते मुलीला पायजम्यावर नेणार होते.

“कशाला पँट?” उल्का बोलून गेली. “माझे बाबा आहेत ना! बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. ते कापडाचं काहीही नीट करतात. प्रॉमिस, सर.”

परत येताना अकीला म्हणाली, “या अल्ला, तुला स्कर्टचं विचारायला सांगितलं होतं, धंदा आणायला नाही!”

पण बाबांनी काही धंदा आला म्हणून लाडू वाटले नाहीत. महादेव शिंपी म्हणजे भल्या भल्या अरबांचे पायघोळ थोब आणि तीन शाळांचे युनिफॉर्म शिवणारा माणूस. खडूची एक रेघ ओढली की कात्री डोळे मिटून चालावी असा हात. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, “पोरी, मी शिवतो. फाटलं तर ठिगळ लावतो. असल्या चौकडीला ठिगळ म्हणजे नव्या मोटारीला फळ्यांचं दार. ह्ये रफूचं काम. एक होता रफूवाला हैदराबादचा, त्याचा व्हिसा खलास झाला, गेला तो.”

“पण मी प्रॉमिस केलंय, बाबा.”

“कुणाला विचारून?”

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टलॉकसाहेब जुफैरहून टॅक्सी करून, किल्ट चादरीत गुंडाळून, लहान मूल घेऊन यावं तसे दुकानात हजर. बाबांनी आधी चहा मागवला. मग हात पुसून किल्ट कापायच्या टेबलावर पसरला. चुण्या उघडत गेल्या, उघडत गेल्या, टेबल संपलं तरी कापड संपेना.

“आठ वार!” बाबा म्हणाले.

“एट यार्ड्स,” साहेब अभिमानानं म्हणाले.

बाबांनी त्या भोकाभोवती बोट फिरवलं. उल्काचा जीव टांगणीला. ते सरळ नाही म्हणतील, साहेब चादर गुंडाळून निघून जातील, आणि आपण शाळेत तोंड कुठं लपवायचं? मग बाबा त्यांच्या ठेवणीतल्या हिंदी-अरबी-इंग्रजीत म्हणाले, “साहेब, मशीन मफी, मशीन नहीं. हाथ का काम. मेरे को नहीं आता. मेरी वाईफ देखेगी.”

साहेबांपेक्षा उल्काच जास्त चकित झाली. आई?

आई म्हणजे मालू, इचलकरंजीच्या विणकराची लेक, हे उल्काला ठाऊक होतं. आजोबांच्या घरी हातमाग होता, पुढच्या सोप्यात, हेही ठाऊक होतं. गेल्या सुट्टीत ती गेली होती तेव्हा सगळ्या गावभर पॉवरलूमची खटखट ऐकून तिचं डोकं उठलं होतं, आणि ‘मी पुन्हा तिकडं राहायला जाणार नाही’ असं तिनं विमानातच जाहीर केलं होतं. म्हणूनच तर दहावीनंतर टायपिंग-शॉर्टहँडचं ठरलं होतं, इथंच, अकीलाबरोबर. पण आईचा त्या मागाशी काही संबंध असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आई भाकरी थापायची, पापड लाटायची, आणि बाजारात अरब दुकानदाराशी भाव करताना ‘यल्ला, यल्ला’ म्हणायची. बस्स.

बाबा साहेबांना घेऊन घरी आले, त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि किल्ट आत पाठवला. आईनं तो हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. विणकराची पोर कापड आधी मागून बघते. मग खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

“अगं बया,” ती म्हणाली. “उल्के, हिकडं ये. बघ की. जसं उभं, तसंच आडवं!”

“म्हणजे?”

“आपल्या लुगड्यात ताण्याचे रंग येगळे असतात, बाण्याचे येगळे. उभ्या तारा म्हंजे ताणा, आडव्या म्हंजे बाणा. हितं बघ, उभ्यात निळा, काळा, हिरवा, मधे पिवळी तार, परत हिरवा, काळा, निळा. आडव्यातबी तेच. तेवढंच. त्याच क्रमानं.” आईचं बोट रंगांवरनं चालत होतं. “पिवळीपाशी जातंय आणि आल्या वाटेनं माघारी येतंय. कुणी काढलं असंल गं हे? लई शहाणा माणूस.”

उल्कानं आईचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. जणू माहेरचं कुणीतरी अचानक दारात उभं राहिलं होतं.

पण बाहेर जाऊन साहेबांना हो म्हणायची वेळ आली तेव्हा आई कचरली. “दुसऱ्याच्या बापाची आठवण हाय ती. आणि मी मागाला हात लावून किती वर्षं झाली. बिघडलं तर?”

“आई, मी प्रॉमिस केलंय.”

“प्रॉमिस तुझं आणि सुई माझी व्हय?” आई फणकारली. पण किल्ट काही तिनं खाली ठेवला नव्हता.

काम ठरलं ते असं. किल्टचा एक पदर पोटावर वरून येतो, दुसरा त्याच्या आत लपतो. त्या आतल्या पदराची कड चार बोटं दुमडून शिवलेली होती. ती दुमड उसवायची, तिच्यातल्या तारा एकेक करून ओढून काढायच्या, आणि त्याच तारांनी सुईनं भोक विणून काढायचं. म्हणजे रंगही तेच आणि लोकरही तीच. पण ती दुमड म्हणजे सगळा साठा. त्यापलीकडं हात लावायचा नाही, असं साहेबांनी नाही, आईनंच ठरवलं.

शाळा सुटली की उल्का धावत घरी यायची. दुपारचं ऊन खिडकीतून चटईवर पडायचं. आई किल्ट मांडीवर घेऊन बसायची, खालच्या घड्याळवाल्या फारुखकडून आणलेलं भिंग शेजारी. उल्कानं चौकडीचा धड शाबूत असलेला भाग बघून रंग म्हणायचे, आईनं सुई घालायची.

“हिरवी.”

“हं.”

“हिरवी. हिरवी. आता पिवळी.”

“थांब की, भवाने! हितं सुईच्या नाकात तार जाईना आणि ही निघाली एक्सप्रेस.”

“काळी कधी येणार ते मला आता न बघता सांगता येतं, माहितेय?” उल्का ऐटीत म्हणाली. आणि खरंच येत होतं. भूगोलाच्या तासाला तिच्या वहीच्या कडेला निळा-काळा-हिरवा-पिवळा असे पट्टे उमटायला लागले होते. अकीलानं ते पाहून विचारलं, “काय गं, त्या म्हाताऱ्या सायबाच्या प्रेमात पडलीस का?” उल्का म्हणाली, “स्कर्टच्या.”

भोक भरलं. आईनं शेवटची तार ओढून घेतली, कापड लांब धरलं, आणि दोघी मान तिरकी करून बघायला लागल्या.

भोक नव्हतं, पण ठिगळ मात्र होतं. रंग जिथल्या तिथं, रेघेला रेघ जुळलेली, तरी तो तुकडा परका वाटत होता. पाहुण्यांच्या पंगतीत कुणी भलत्याच लग्नातला माणूस येऊन बसावा तसा. बाकीच्या कापडाला एक झळाळी होती, रंग एकमेकांत उतरल्यासारखे दिसत होते. इथं ते नुसतेच शेजारी शेजारी उभे होते, कोरडे.

“रंग तेच, तारा त्याच, मग का बसंना गं?” आईनं भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “लोकर मला कळत न्हाई. आम्ही सूत विणणारी माणसं. म्हनलं हुतं मी.” तिनं किल्ट घडी करून चादरीत ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही, आणि बाबांनी तसं सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी उल्का शाळेतून सरळ दुकानात गेली. आईच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. सगळा आगाऊपणा आपला, आणि पडलेलं तोंड मात्र आईचं. बाबा कुणाच्या तरी जीनच्या पँटची खालची दुमड घालत होते. उल्का टेबलावर हनुवटी टेकून बघत राहिली. निळं जाड कापड. त्यावर तिरक्या रेघा, बारीक, एकामागं एक, पावसाच्या तिरप्या सरींसारख्या.

तिरक्या रेघा!

“बाबा, ही पँट द्या.”

“अगं, गिऱ्हाईकाची हाय ती!”

“दोन मिनिटं!” आणि उल्का पँट खांद्यावर टाकून गल्लीतून पळत सुटली. मसालेवाल्यानं ओरडून विचारलं, कुणाची पँट पळवलीस? ती तीन-तीन पायऱ्या एका ढांगेत चढून घरात शिरली, चादर सोडली, किल्ट आणि पँट शेजारी ठेवून भिंग लावलं.

“आई! आई, ये ना! किल्टातही अशाच तिरक्या रेघा आहेत. अख्ख्या कापडात आहेत. फक्त आपण भरलेल्या तुकड्यात नाहीत!”

आई पिठाच्या हातानं आली. हात न लावता, नुसतं वाकून, तिनं भिंगातून पाहिलं. मग हळूच हात धुऊन आली, सुईच्या टोकानं तारा मोजल्या, आणि कपाळावर हात मारून घेतला.

“ह्ये दोन तारा उचल, दोन दाब हाय गं! आणि दर ओळीला एक तार पुढं सरकतंय. म्हनून तिरकं दिसतंय. आमच्या लुगड्यात एक उचल, एक दाब. जलमभर तेच बघितलं, हातानं तेच केलं.” आणि ती हसायला लागली. “मी त्या सायबाच्या किल्टाला लुगड्याचं ठिगळ लावलं की गं!”

मग दोघीही हसत सुटल्या. इतक्या, की खालून फारुखनं छताला काठी ठोकली.

हसू ओसरलं आणि खरं संकट समोर आलं. आधीचं सगळं उसवायला लागणार होतं. लोकरीच्या त्या जुन्या तारा एकदा ओवल्या की पिंजारतात, दुसऱ्यांदा ओढल्या की तुटतात. हिरव्या-निळ्या पुरेशा होत्या. काळ्या कशाबशा पुरल्या असत्या. पण पिवळी? दुमडीत उभी पिवळी रेघ एकदाच येत होती. तिच्या तारा त्या चुकलेल्या ठिगळात गेल्या होत्या, आणि उसवताना आईच्या बोटांत त्यांचा नुसता कापूस झाला.

आईनं तो पिवळा कापूस तळहातावर घेतला. “संपली,” ती म्हणाली.

पिवळी म्हणजे त्या चौकडीचा प्राण. तिच्यापाशी जाऊनच सगळे रंग परत फिरायचे. ती नसेल तर भोक भरूनही उपयोग नव्हता. बाजारात पिवळी लोकर ढीगभर मिळाली असती, पण ती लिंबासारखी, हळदीसारखी. ही जुनी पिवळी वाळलेल्या गवतासारखी होती. दुमड जवळजवळ रिकामी झाली होती, नुसत्या आडव्या तारांची झालर उरली होती. “सायबाला सांग जाऊन,” आई म्हणाली. “खोटं कशाला ठेवायचं. म्हनावं, पँटच घाला.”

उल्का उठली नाही. ती त्या झालरीकडं बघत होती. ओठ आपोआप हलत होते, सवयीनं. निळी, काळी, हिरवी…

“आई,” ती म्हणाली. “जसं उभं, तसंच आडवं. तूच म्हणालीस.”

“मग?”

“मग आडव्यातही पिवळी असणार! आपण उभ्याच बघत बसलो.”

झालर उलगडली. वरून खालपर्यंत उल्काचं बोट चालत गेलं, काळ्यावरून, हिरव्यावरून, आणि थांबलं. एक होती. वीतभर खाली पुन्हा एक. त्याच्या खाली आणखी. दुमडीच्या रुंदीएवढ्याच, चार बोटं लांब. पण भोक ते नाण्याएवढं, चार बोटं म्हणजे चैन होती!

आईनं उल्काच्या गालाला हात लावला, आणि तोच हात आपल्या कपाळाला लावून कडाकडा बोटं मोडली. “माझ्या बापाच्या सोप्यात जन्मायला पायजे हुतीस,” ती म्हणाली.

या खेपेला आई ओवत होती आणि उल्का नुसते रंग नाही, उचल-दाबही सांगत होती. “दोन वर, दोन खाली. आता एक सरक.” आणि शेवटच्या हिरव्या पट्ट्यात आईनं मुकाट्यानं सुई तिच्या हातात दिली. “घाल.” उल्काच्या तोंडातून, दहावीच्या वर्षात पहिल्यांदाच, एक शब्दही फुटला नाही. तिनं जीभ दातांत धरून सुई घातली. दोन वर. दोन खाली. हळूहळू बोटांखाली ती तिरकी झळाळी उमटायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी टलॉकसाहेब आले. बाबांनी किल्ट कोमट इस्त्रीनं, ओल्या फडक्याखाली, चुणी न् चुणी बसवून ठेवला होता. साहेबांनी चष्मा लावला आणि भोक शोधायला लागले. इथं? नाही. मग इथं? किल्ट उजेडाकडं धरला. अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. बाबा छताकडं बघत उभे. आई दारात, पदर दातांत. उल्का चवड्यांवर नाचत होती, पण बोलत नव्हती, कारण आईनं तशी शपथ घातली होती.

शेवटी साहेबांनी चष्मा काढला. डोळे पुसले आणि म्हणाले, “कुठं होतं ते, मला आता सांगू नका.”

मग बाबांनी कागदाची एक पुडी पुढं केली. त्यांचा रिवाजच तो, उरलेलं कापड, चिंधीसुद्धा, गिऱ्हाईकाला परत. पुडीत उरलेल्या तारा होत्या, काही हिरव्या, निळ्या आणि एक पिवळी, बोटभर. साहेबांनी पुडी उघडली, पिवळी तार उचलली आणि उल्काच्या हातात ठेवली. “ही तुझी. तू विचारलं नसतंस तर मी बटवा वाकडाच लावून फिरलो असतो.” मग ते आईकडं वळले. इतका मोठा माणूस, पुलाचे खांब समुद्रात उभे करणारा, पण आईसमोर शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. त्यांनी आईला विचारलं, तिच्या साडीत किती वार असतात? आईनं त्या दिवशी मुद्दाम आजोबांनी विणलेलं जांभळ्या चौकडीचं लुगडं नेसलं होतं. उल्कानं भाषांतर केलं. आई लाजली, पण उत्तर ठणठणीत दिलं.

“नऊ.”

“माझे आठच,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी कमरेत वाकून आईला नमस्कार केला. “तुम्ही जिंकलात.”

शुक्रवारी लग्न होतं. चर्चला जाताना साहेबांनी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवली. आतून पांढऱ्याशुभ्र झग्यातली मुलगी हात हलवत होती. साहेब उतरले, पिशवी काखेत दाबली आणि दुकानापुढं उभं राहून वाजवायला लागले. अख्खी गल्ली गोळा झाली. मसालेवाला, अत्तरवाला, फारुख, भिंतीकडेच्या बाकावरचे म्हातारे अरब, आणि जिदहफ्सहून खास आलेली अकीला, जिनं कानात बोटं घातली होती आणि तरी ती नाचत होती. त्या आवाजाला शाळेत बकरीचा गळा दाबल्यासारखा म्हणणाऱ्या उल्काला आज तो सनईहून गोड वाटला. साहेबांचा बटवा बरोबर मध्यावर होता. त्याच्या शेजारी, हिरव्यातून, पिवळी रेघ न तुटता सरळ खाली उतरत होती. गर्दीत दोघींनाच ठाऊक होतं, ती कुठून कुठपर्यंत नवी आहे.

“तुझ्या हातचं हाय ते, त्या हिरव्यातलं,” आई कानात म्हणाली. उल्कानं आईचा हात घट्ट धरला. या हातानं तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिला मार दिला होता, ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. पण त्याला काय काय येतं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. मिस्टर टलॉकला विचारलं, आईला नाही.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसले. चर्चमधून आलेला केक ताटात, भाकरीच्या शेजारी. बाबा म्हणाले, “टायपिंगच्या क्लासचा मास्तर भेटला. दहावी झाली की लगेच ये म्हनतोय. अकीलाचं नाव घातलंय तिच्या बापानं. तुझंबी घालू?”

उल्कानं कंपासपेटी उघडली. आत, एका बटणाभोवती गुंडाळलेली, ती पिवळी तार होती. तिनं बटण ताटाशेजारी ठेवलं आणि पाठ ताठ केली. वक्तृत्वाच्या कपाच्या वेळी केली होती, तशीच.

“आई, बाबा, मी ठरवलंय. नाव घालू नका. दहावी झाली की मी इचलकरंजीला जाणार.”

“तिथं तुझं डोकं उठतं की!” आई म्हणाली. “खटखट हुती ना लई?”

“उठू दे. शाळा तिथंही आहे, अकरावी तिथं करीन. आणि घरी आल्यावर आजोबांच्या मागावर बसणार. एक उचल-एक दाब पण शिकणार, आणि दोन उचल-दोन दाब आजोबांना मी शिकवणार. हसू नका, बाबा! कापडाचं पुढचं काय शिक्षण असेल तेही घेणार. आणि मग आपली चौकडी काढणार. आपल्या घराची. आईच्या लुगड्याचा जांभळा, इथल्या समुद्राचा हिरवट निळा, आणि बाबांच्या खडूची एक पांढरी रेघ. जसं उभं, तसंच आडवं. आणि अगदी मधोमध, जिथनं सगळे रंग परत फिरतात ना, तिथं ही पिवळी. मी पण तशीच इचलकरंजीहून परत फिरणार आणि विणलेलं कापड घेऊन इथं येणार. आई, तू पहिल्यांदा उलटं करून बघायचंस. चुकलं असेल तर उसवीन.”

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं केकचा मोठा तुकडा उचलून आईच्या तोंडात घातला.